पुरुषभर पाणी

माझं शेत दिवसातून दोनदा बुडतं.
सांगितलं तर परगावचे लोक हसतात.
पण झांजिबारच्या या उगवतीच्या किनाऱ्यावर
बायकांचं शेत असंच:
वाळूत ठोकलेल्या काठ्या, काठ्यांना ताणलेली दोरी,
दोरीला वीत-वीत सोडून बांधलेलं शेवाळ,
आणि बांध म्हणाल, तर लाट.

अमावास्येला, पुनवेला पाणी लांब सरायचं.
पहाटे निघायचो आम्ही: मी, पिली, मिझे,
मिझेच्या पाठीला तिचं तान्हं,
कांगा गुडघ्याच्या वर खोचलेला.
जाड जातीचं शेवाळ महाग,
व्यापारी उस्सी ते तागडीत टाकायचासुद्धा अदबीने.
त्याच्यावर माझ्या घराला पत्रे आले,
झुवेनाचं शाळेचं दप्तर आलं,
आणि एक कपाट, ज्याची किल्ली फक्त माझ्याकडे.

उस्सी सांगायचा, हे पुढे आइस्क्रीममध्ये जातं,
त्यानेच ते घट्ट होतं.
शहरात एकदा खाल्लं मी आइस्क्रीम.
चांगलं घट्ट होतं.
मनात म्हटलं, हे माझंच.

मग पाणी पायाला लागायचं तसं लागेना.
भर दुपारच्या ओहोटीत
उथळातलं पाणी नुसती पेज.
आधी टोकं पांढरी पडली,
मग देठ मऊ,
मग हातात घ्यावं तर बोटांतून सुटून जायचं.
दोन भरत्यांच्या मध्ये
अख्खी रांग गेली पिलीची.
ती नुसती दोरी गुंडाळत राहिली कोपराभोवती,
लोकर गुंडाळावी तशी, कितीतरी वेळ.

सरकारी बाई आली.
तिने काचेची नळी बुडवली, वहीत लिहिलं: बत्तीस.
आकडा आमच्या पोटऱ्यांना केव्हाच कळला होता.
खोलातलं पाणी अजून गार आहे, ती म्हणाली,
शेत तिकडे न्या.

तिकडे म्हणजे कुठे, बाई?
पाण्याची खोली मोजतात पुरुषांत.
पुरुषभर, दोन पुरुष, तीन पुरुष.
बाईचं माप घोटा, गुडघा, फार तर कंबर.
कंबरेपलीकडचा समुद्र होड्यांचा,
नवऱ्यांचा, भावांचा.
त्रेपन्न वर्षांची मी. जन्म गेला समुद्रात उभं राहण्यात,
त्यात आडवी कधीच झाले नाही.

झुवेना शिकून आली होती कुठून तरी.
तेलाचे रिकामे पिवळे डबे आणले तिने,
एकेक आमच्या काखेत दिला.
झाडाखाली जाळी शिवणारा माकामे ओरडला,
म्हाताऱ्या कोंबड्यांची बदकं करताय काय!
मिझे हसता हसता खारं पाणी प्यायली.
मी तर आधी डोळेच उघडेना.
कान बुडाले, तसं आत
कुणीतरी तांदूळ निवडतंय असा आवाज.
पाठीखाली लेकीचा तळवा होता.
तो तिने कधी काढून घेतला, कळलं नाही.

खोलातली पहिली दोरी माशांनी खाल्ली.
दुसरी वाऱ्याने नेली.
तिसरी तगली. अर्धी.
उस्सीने तेवढीच मोजली, आणि भाव पाडला,
म्हणाला, दुसऱ्या देशांत फार पिकतंय.
पिली आता शेवाळाचा साबण करते, लवंग घालून,
पाहुण्यांच्या हॉटेलापुढे बसते.
विकला जातो कधीकधी.

मी अजून जाते.
डबा लागत नाही आता.
पाय खाली पोचत नाहीत,
म्हणून पाण्याचं पायांना काही कळत नाही.
दोरीपाशी थांबते आणि
गाल टेकवते पाण्याला,
लेकराचं अंग बघावं तसा.

काल जरा कोमट वाटलं.
झुवेना पलीकडच्या दोरीवर गाठी मारत होती.
तिला काही बोलले नाही.